निकाल लागला की नशीब आठवतं

संपादक साहेब, नमस्कार.
दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्या पेठेत एकच वाक्य ऐकू येतं, "नशिबातच नव्हतं बघ त्याच्या", आणि ते पण पोरासमोरच बोलतात, लई वाईट वाटतं. नशीब असतंय, मी नाही म्हणत नाही. कागलच्या घाटग्यांच्या घरातले यशवंतराव १८८४ ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले, तेव्हा त्यांना दहा वर्षंही पुरी नव्हती, म्हणजे यात त्यांचं कर्तृत्व काहीच नाही, निव्वळ योग. दुसरं कुणी पोरगं निवडलं असतं तर काय झालं असतं, हे दसरा चौकातनं, शाहूंच्या पुतळ्यासमोरनं जाताना माझ्या मनात कितीतरी वेळा येतं. पण पुढं १९०२ ला नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा, १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, वेगवेगळ्या समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं, हे काय कुंडलीत लिहिलेलं नव्हतं, लोकांचा विरोध अंगावर घेऊन केलंय ते. जन्मावरनंच ज्यांचं नशीब ठरवून टाकलेलं त्यांच्या हातात पाटी आली. माझे आजोबा असल्याच एका बोर्डिंगात राहून शिकले, गावात गुंठाभर जमीन नव्हती.
तेव्हा विनंती एवढीच, यंदा निकालाच्या पानावर पहिल्या आलेल्यांच्या फोटोंशेजारी पुरवणी परीक्षेची आणि आयटीआय प्रवेशाची माहिती पण छापा, जरा मोठ्या अक्षरात.
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर