ताई, तुझ्या हिरव्या पेनाला

प्रिय ताई,

कांद्याच्या साठवणुकीवरचा माझा रिसर्च पेपर एकदाचा स्वीकारला गेला. मेल वाचल्याबरोबर आठवलं ते तुझं हिरवं पेन.

मागच्या वर्षी ‘भाषा स्पष्ट नाही’ एवढाच शेरा मारून एका जर्नलने तो परत पाठवला होता आणि मी माझ्या इंग्रजीला शिव्या घालत लॅबभर फिरत होते. स्वतःचा थीसिस बाजूला ठेवून तू तीन संध्याकाळी माझ्याजवळ बसलीस. व्याकरणाला हातही लावला नाहीस. फक्त ‘लॉस’ या शब्दाभोवती गोल काढत गेलीस. 14 गोल झाले. मग विचारलंस, “समज, कांदाचाळीत 100 किलो कांदा भरला आणि चार महिन्यांनी 70 किलो विकण्याजोगा निघाला. बाकीचा गेला कुठे?”

“लॉस झाला.”

“अगं, पण कुठला? सुकून वजन घटलं, सडला म्हणून फेकला, की कोंब फुटले म्हणून वेगळा काढला?”

तिन्हींना मी एकच शब्द वापरला होता. दुसऱ्या तक्त्यात तर कुठे नुसती वजनघट होती, कुठे तिन्हींची बेरीज. घोळ इंग्रजीचा नव्हताच. त्या रात्री वजनांच्या वह्या पुन्हा उघडल्या.

‘सिग्निफिकंट’चीही तीच गत. संख्याशास्त्रीय चाचणी केली नव्हती तिथेही मी तो शब्द पेरला होता. पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, 0.05 च्या खाली आली म्हणजे फरक मोठा असं नव्हे, हे परीक्षेत लिहिलं होतं, पण स्वतःच्या पेपरात विसरले. “फरक किती किलोचा ते लिही, शेतकरी तेच विचारतो,” म्हणालीस. कांदेवाल्याच्या घरची असून हे मला तुझ्याकडून ऐकावं लागलं!

‘इट वॉज ऑब्झर्व्ह्ड दॅट’ म्हणजे ‘असं आढळून आलं की’, यावरून मात्र मी भांडले. शास्त्रीय लेखनात ‘आम्ही’ चालत नाही, असं मला शिकवलेलं. तू वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 चा ‘नेचर’मधला डीएनएवरचा पेपर समोर ठेवलास. जेमतेम पानभराचा, आणि पहिलाच शब्द ‘वुई’. पुढे काय बोलणार?

पेपरच्या शेवटी आभारात तुझ्यासाठी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यातल्या तीन तूच खोडल्यास. म्हणून हे पत्र तुला न दाखवता सगळ्यांसमोर टाकतेय.

तुझीच,
कांदेवाली