आयुष्य सांगणारे प्रथिन आणि बाटलीतला तुकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जठराच्या कर्करोगात ‘अमुक प्रथिन रुग्ण किती जगणार ते सांगते’ अशा आशयाच्या बातम्या हल्ली आरोग्याच्या पानांवर वरचेवर दिसतात. पॅथॉलॉजीत तीसेक वर्षे काढल्यामुळे त्यांतली एक गल्लत दाखवून द्यावीशी वाटते. रोग कोणत्या वळणाने जाईल हे सांगणारे प्रथिन वेगळे आणि अमुक औषध या रुग्णाला लागू पडेल का हे सांगणारे प्रथिन वेगळे. बातमीत दोन्हींना ‘बायोमार्कर’ हे एकच नाव मिळते आणि नातेवाईक कात्रण पुढे करून विचारतात, “डॉक्टर, किती दिवस?”

दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे हर-२ हे पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिन. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या टोगा या औषध-चाचणीसाठी साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या आणि सुमारे २२ टक्क्यांत हे प्रथिन वाढलेले आढळले. अशा रुग्णांपैकी ज्यांना केमोथेरपीच्या जोडीला ट्रास्टुझुमॅब हे हर-२वर मारा करणारे औषध मिळाले, त्यांचा जगण्याचा मध्यक १३.८ महिने होता. नुसत्या केमोथेरपीवर तो ११.१ महिने होता. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले, एवढेच. समोर बसलेल्या माणसाचा तो आकडा नव्हे. डीएनएतील चुका दुरुस्त करणाऱ्या एमएलएच-१सारख्या प्रथिनांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. २०१७ च्या एका विश्लेषणात, ही प्रथिने नसलेले रुग्ण केवळ शस्त्रक्रियेनंतर अधिक जगले, पण केमोथेरपी दिलेल्यांत ते चित्र उलटे दिसले. रुग्णसंख्या लहान होती, हे खरे; तरीही उपचार वगळून प्रथिनाला ‘चांगले’ वा ‘वाईट’ ठरवता येत नाही, एवढे त्यातून कळते. कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या सीईए किंवा सीए ७२-४ या प्रथिनांच्या एखाद्या आकड्यावरून तर निदानही करू नये.

हे सारे ज्यावर अवलंबून आहे, त्या गाठीतून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. जठरात हर-२ ठिपक्याठिपक्यांनी असते. एका तुकड्यात सापडते, शेजारच्यात नाही. म्हणून एंडोस्कोपीत सहा ते आठ तुकडे घ्यावेत, ते लगेच फॉर्मॅलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) टाकावेत आणि त्यात किमान सहा, जास्तीत जास्त बहात्तर तास ठेवावेत, असा दंडक आहे. माझ्याकडे एकदा बाहेरगावाहून सलाईनमध्ये तरंगणारे दोन तुकडे तिसऱ्या दिवशी आले. रंगवलेल्या स्लाइडवर पेशींच्या कडा पुसल्यासारख्या झाल्या होत्या. ‘तपासणीस अयोग्य’ असे लिहावे लागले, आणि ज्याला पेजही उतरत नव्हती त्याला पुन्हा एंडोस्कोपीच्या टेबलावर झोपावे लागले. चूक एवढीच, की बाटलीभर स्वस्त फॉर्मॅलिन वापरले नव्हते.

तेव्हा अशी बातमी छापताना ते प्रथिन रक्तात मोजले की गाठीत, किती रुग्णांत आणि त्यावरून उपचार बदलतो का, एवढे बातमीदाराने विचारावे, ही विनंती. रुग्णाच्या घरच्यांनीही रिपोर्टवर न थांबता पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून जपलेला तो तुकडा, कोठे आहे याची चौकशी करावी. क्लॉडिन १८.२ या प्रथिनावर मारा करणाऱ्या झोल्बेटुक्सिमॅब या औषधाला जपान व अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. त्यासाठीची तपासणी जुन्या ब्लॉकवरही होऊ शकते. मात्र ब्लॉक दुसऱ्या रुग्णालयात नेताना मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. मेणच ते, उन्हात मऊ पडते.

आपला,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, सातारा