बाबांच्या रविवारच्या बोलण्याला उत्तर

बॉस्टन, लिंकनशायर
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, रविवारी फोनवर मी चढ्या आवाजात बोलले, ते आठवडाभर मनाला लागून राहिलंय. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला त्याबद्दल, "ब्रेक्झिटनं गोऱ्यांचं काही का होईना, आपल्या पोरांचं भलंच झालं," असं तुम्ही म्हणालात आणि लगेच खालच्या वहिनींच्या मुलाचा विषय काढलात. एजंट केअर व्हिसाचे बारा लाख मागतोय म्हणे. आधी तेच सांगते, एक रुपयाही देऊ देऊ नका. परदेशातून केअर वर्करची, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना सांभाळणाऱ्यांची, नवी भरती २२ जुलैपासून बंद झाली आहे. पत्र मिळताच खाली जाऊन सांगा.

आता आपला वाद. २०१६ च्या सार्वमतात मी बाहेर पडण्याच्या बाजूनं मत दिलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून इथल्या भारतीयांना मत होतं. केअर होममध्ये माझ्याबरोबर नाइट करणाऱ्या पोलिश बाईला मात्र नव्हतं. मी इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली, व्हिसाची फी भरली, वर आरोग्याचा सरचार्ज. ती युरोपीय संघातली म्हणून नुसती बसमध्ये बसून आली. हा अन्याय आहे असं मला वाटायचं, तुम्हीही तेच म्हणायचात. आमच्या या भागात ७५.६ टक्के लोकांनी बाहेर पडायचा कौल दिला, पण त्यांची कारणं वेगळी होती. कोबीच्या शेतांवर आणि पॅकिंगच्या शेडमध्ये पूर्व युरोपातली माणसं आली, घरभाडी चढली, डॉक्टरची वेळ मिळेना. असा कौल देणारी इथली माणसं वाईट नव्हेत, बाबा. त्यांच्याच आईवडिलांना मी रोज घास भरवते.

निकालाच्या रात्री पौंड कोसळला, तेव्हा तुम्हाला पाठवलेले पैसे रुपयांत कमी भरले होते, आठवतं? ते निदान लगेच दिसलं. बाकीचं हळूहळू आलं. सरकारी हिशेबावर नजर ठेवणारी इथली स्वतंत्र संस्था म्हणते की, युरोपीय संघात राहिलो असतो त्यापेक्षा देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. आमच्यासाठी याचा अर्थ असा, की काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, पैसा नाही, म्हणून केअर होमला दर वाढवून मिळत नाही, म्हणून पगार वाढत नाही. तेवढ्याच पैशात इथली मुलं सुपरमार्केटमध्ये काम करतात. त्यांना मी दोष देत नाही.

ड्युटीच्या तक्त्यावरून पोलिश आणि लिथुआनियन नावं एकेक करून गेली. एक हिवाळा आम्ही दोघींनी रात्री तीस म्हातारी माणसं सांभाळली. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये केअर वर्करना व्हिसा खुला झाला आणि केरळ, नायजेरिया, झिम्बाब्वेची नावं आली. जून २०२३ पर्यंतच्या वर्षात देशात आलेल्यांमधून गेलेले वजा केले तरी ९ लाखांच्या वर माणसं वाढली. सार्वमताच्या सुमाराला हाच आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास होता. माणसं कमी व्हावीत म्हणून ज्यांनी मत दिलं, त्यांना फसवल्यासारखं वाटणारच. मग सरकार घाबरलं. मार्च २०२४ पासून केअर वर्करना कुटुंब आणायला बंदी झाली. माझ्याबरोबरची कोट्टायमची मुलगी त्यानंतर आली. तिची चार वर्षांची लेक आजीकडे आहे. जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर लेकीला झोपवते.

हे भलं म्हणायचं का, बाबा? त्या पोलिश बाईचा इथं येण्याचा हक्क होता. तो हक्क आपल्यालाही मिळेल, या आशेनं मी मत दिलं. तिचा हक्क गेला, आणि आपल्या वाट्याला आली ती परवानगीच. गरज पडली की देतात, मतांची भीती वाटली की काढून घेतात. देशानं आपलं दार आपण सांभाळावं हे तुमचं म्हणणं मला आजही पटतं. पण माझं ते मत चुकलं. ती पोलंडला परत जायला निघाली तेव्हा मी तिला हे सांगायला हवं होतं. तिला मी भेटायलाही गेले नाही.

आई, तुझ्या गुडघ्यांचा नवा रिपोर्ट पाठव. आणि वहिनी काय म्हणाल्या ते रविवारी सांगा.

तुमची,
ताई