कॅशियर मॅडम, त्या दिवशी बाबांना खुर्ची दिलीत त्याबद्दल

मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाहीये, बँकेचंही नाही, न विचारता लिहिणं बरं दिसणार नाही. पण सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावातलं कोणीतरी हे वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल याची खात्री आहे.

माझे बाबा रिटायर्ड गुरुजी, अख्खी नोकरी झेडपीच्या शाळेत गणित शिकवण्यात गेली. त्यांना स्पीड पोस्टाने एक पाकीट आलं, पिनकोडसकट पूर्ण पत्ता, आत जाड गुळगुळीत कागदाचं पत्र, वर एका ऑनलाइन शॉपिंग कंपनीचा लोगो, गोल शिक्का आणि एक स्क्रॅच कार्ड. बाबांनी ते रुपयाच्या नाण्याने खरवडलं, आई सांगते चंदेरी भुकटी सगळी सतरंजीवर पडली होती. खाली आकडा निघाला 12,60,000. पत्रातल्या नंबरवर फोन केला तर पलीकडचा माणूस शुद्ध मराठीत सर सर करून बोलायला लागला, गाडी घ्या नाहीतर रोख घ्या म्हणाला, बाबांनी रोख सांगितली. मग आधी 6,500 रजिस्ट्रेशनचे, मग 12,600 जीएसटीचे, ते दोन्ही शेजारच्या पोराच्या मोबाईलवरून गेले, आणि मग 37,800 टॅक्सचे. एक टक्का, तीन टक्के, हिशोब पैशापर्यंत जुळत होता आणि आयुष्यभर टक्केवारी शिकवलेल्या माणसाला त्यामुळेच ते खरं वाटलं. मेलवर तर रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह आणि गव्हर्नरची सही असलेलं पत्रसुद्धा आलं होतं.

37,800 भरायला बाबा तुमच्या काउंटरला आले. स्लिपवर कोलकात्याच्या कुणा माणसाचं सेव्हिंग खातं. तुम्ही विचारलंत, "गुरुजी, हे कोण तुमचे?" बाबा म्हणाले, नातेवाईक. तसंच सांगायला शिकवलं होतं त्यांना, आणि घरात कुणाला बोलू नका, बक्षीस रद्द होईल असंही. बाबा खोटं बोलणारे नाहीत हो मॅडम, त्यामुळे ते बोलताना त्यांचा चेहरा कसा झाला असेल ते मला इथे पुण्यात बसून दिसतं.

बाबांच्यामागे लाइन होती, पैसे घेऊन शिक्का मारला असता तर कोणी काही म्हटलं नसतं. तुम्ही शेजारच्या मॅडमना काउंटर बघायला सांगून बाहेर आलात, बाबांना आत खुर्ची दिलीत, पाणी दिलंत आणि फसलात असं एकदाही म्हणाला नाहीत. फक्त विचारलंत, "गुरुजी, तिकीट कधी काढलं होतं?" बाबा गप्प. मग तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत की आपल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीचं मोठं बक्षीस लागलं तरी तीस टक्के टॅक्स कापूनच रक्कम हातात येते, रोख बक्षिसाचा टॅक्स देणाराच कापतो, जिंकणाऱ्याकडून आधी मागत नाही. आणि रिझर्व्ह बँक आपल्यासारख्या माणसांची खाती ठेवत नाही, बक्षीस देतो म्हणून मेलही करत नाही. बाबा म्हणतात, गणित तिथे सुटलं.

मग त्यांनी आधीच्या दोन्ही पेमेंटचं आपणहून सांगितलं. मी खरं सांगते, मला कळल्यावर मी फोनवर ओरडले होते, एवढे शिकलेले असून असं कसं केलंत म्हणून, आणि बाबांनी फोन आईकडे दिला होता. तुमच्याऐवजी तिथे मी असते तर ते 12,600 आदल्या संध्याकाळी गेलेत हे त्यांनी सांगितलंच नसतं. तुम्ही लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 नंबर लावून दिलात, शेजारच्या पोराला बोलवून मोबाईलमधला यूटीआर, म्हणजे त्या पेमेंटचा नंबर, काढून घेतलात, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार कशी टाकायची ते त्याला दाखवलंत. 6,500 गेले ते गेले, पण 12,600 मधले 8,000 पुढच्या खात्यात होल्ड झालेत, मिळतील तेव्हा मिळतील.

त्या माणसाचे फोन आठवडाभर येत होते, नंतर नंतर तर पोलीस पाठवतो अशी धमकी. नंबर ब्लॉक करायला बाबांना त्या पोराने शिकवलं. पण पारावर बसायला ते जात नव्हते, चहाला कुणी बोलावलं तरी नाही. परवा गेले, आणि स्वतःच विषय काढला. तर पारावरच्या एकांच्या घरी तस्संच पाकीट निघालं, टीव्हीखालच्या खणात जपून ठेवलेलं, अजून फोन केला नव्हता. दुसऱ्या दिवशी बाबाच त्यांना घेऊन तुमच्याकडे आले होते, तुम्ही रजेवर होतात.

मॅडम, बाबांच्या त्या पत्राची झेरॉक्स तुमच्याकडे राहिलीये, ओरिजिनल पोलीस स्टेशनला दिलंय. मी बाबांना म्हटलं मागून घेऊ का, त्यावर नाव आहे तुमचं. बाबा म्हणाले, राहू दे तिथेच, मॅडमना सांग काउंटरच्या काचेला लावा, आणि नाव खोडू नका, गुरुजींना आलं होतं म्हटल्यावर लोक थांबून वाचतील.

तुमची आभारी,
गुरुजींची थोरली