उसण भरली तेव्हा धावून आलेल्यांचे आभार

कोल्हापुरात महाद्वार रोडवर भाजीची पिशवी उचलताना कंबरेत अशी उसण भरली की तिथंच वाकून थांबलो. ‘काका, दमानं’ म्हणत दोघा पोरांनी रिक्षात बसवलं. नावं विचारायचीच राहिली. पोरांनो, आभार.

फिजिओथेरपीवाल्या ताईंचे तर जास्तच. मी पंधरा दिवस अंथरूण धरायच्या तयारीत होतो; त्यांनी तपासून दुसऱ्याच दिवशी चालायला लावलं. उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायची, दहा आकडे धरायची. सातव्यालाच मी थरथरायचो आणि त्या मुद्दाम सावकाश मोजायच्या!

रंकाळा तलावावर चालताना ‘आज किती?’ विचारणारे आजोबा, तुमचेही आभार. परवा संध्यामठ दिसेपर्यंत न थांबता चाललो. पिशवी आता गुडघ्यात वाकून उचलतो.