मधल्या फटीबद्दल

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

आज लाईट रात्री साडेबाराला आहे. आता झोपलो तर मोटार चालू करायला जाग येणार नाही, म्हणून तुझ्या जुन्या वहीची कोरी पानं घेऊन बसलोय. रविवारी फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, चेतासंस्था नुसती पाठ होतेय, कळत काहीच नाही," आणि तेवढ्यात मागच्या मुलीने फोन मागितला. होस्टेलच्या फोनवर असलं काही सांगून होत नाही. केटीएचएम कॉलेजातलं माझं बीएस्सीचं प्राणिशास्त्र द्राक्षबागेत विरघळून गेलं, असं तुझी आई म्हणते. खरं असेल. पण हा धडा मी विसरणं शक्य नाही.

तू सहावीत होतीस. गोडी छाटणी होऊन नुकते डोळे फुटत होते आणि कोवळे डोळे खाणारा उडद्या किडा पडला होता. दुपारच्या उन्हात औषध फवारायचा ब्लोअर चालवत होतो. नोझल चोंदला, तो उघड्या हाताने खोलला, वारं उलटं होतं, शर्ट ओला झाला. दोन ओळी राहिल्यात, त्या उरकू आणि मग अंघोळ करू, म्हटलं. मूर्खपणा सगळा माझाच. औषध ऑर्गेनोफॉस्फेट गटातलं होतं, आणि ते कातडीतूनही आत जातं. संध्याकाळी तोंडाला पाणी सुटायला लागलं, घाम थांबेना, समोरचं धुरकट दिसायला लागलं. मांडीचं मांस कातडीखाली आपोआप फडफडत होतं. नाशिकला दवाखान्यात नेताना ओझर येईपर्यंत श्वास घ्यायला जोर लावावा लागत होता. एवढं तुला माहीत आहे. आत काय चाललं होतं ते कधी सांगितलं नाही.

आधी पेशी बघ. पुस्तकातल्या आकृतीत वृक्षिका (निरोप घेणाऱ्या फांद्या), पेशीकाय (पेशीचं मुख्य अंग), अक्षतंतू (निरोप पुढे नेणारा लांब धागा) सगळं बोटभर जागेत बसवतात, म्हणून प्रमाण डोक्यात येत नाही. तुझ्या मज्जारज्जूच्या खालच्या टोकातून पावलाच्या स्नायूपर्यंत जाणारा अक्षतंतू एकाच पेशीचा असतो, जवळजवळ मीटरभर लांब. तिचा पेशीकाय मात्र नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही. अशा चेतापेशी एकट्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी आहेत.

पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. पडद्यातला पंप दर फेरीला 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. तो एटीपीवर, म्हणजे पेशीच्या इंधनावर चालतो, त्याला आपल्यासारखी लाईटची वाट बघावी लागत नाही. पेशी शांत असताना आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण 70 मिलिव्होल्टने ऋण असते. पेपरात हे फक्त पंपामुळे होतं असं लिहू नकोस. मुख्य वाटा पडद्यातून बाहेर झिरपणाऱ्या पोटॅशियमचा असतो, पंप तो साठा टिकवतो.

आवेग, म्हणजे अक्षतंतूतून धावणारा निरोप, ही वायरीतली वीज नव्हे. दिवाळीतल्या फटाक्याची वात आठव. पेटली तर पूर्ण पेटते, नाही तर नाही. अर्धवट पेटणं तिला माहीत नाही. उणे 70 वरून उणे 55 च्या आसपास आलं की सोडियमची दारं धाडकन उघडतात, सोडियम आत घुसतं आणि मिलिसेकंदभरात तो ठिपका उलटा, म्हणजे अधिक 30 च्या घरात जातो. त्याने शेजारचा ठिपका पेटतो, मग त्याच्या शेजारचा. जळलेली वात लगेच परत पेटत नाही, म्हणून आवेग मागे फिरत नाही. फरक एवढाच, की ही वात काही मिलिसेकंदांत पुन्हा कोरी होते. दाताच्या डॉक्टरने तुझी दाढ बधिर केली होती ना? त्या इंजेक्शनने सोडियमची हीच दारं बंद केली होती. हॉजकिन आणि हक्सले या शास्त्रज्ञांनी हे सगळं माखलीसारख्या स्क्विडच्या जाड अक्षतंतूवर मोजून 1952 मध्ये मांडलं. आपल्या नसेत इलेक्ट्रोड शिरायला जागा नाही, तिथे समुद्रातला प्राणी कामाला आला.

अक्षतंतूवर मायलिनचं, म्हणजे चरबीचं वेष्टण असेल तर आवेग एका गाठीवरून (वेष्टणातल्या उघड्या जागेवरून) दुसऱ्या गाठीवर उड्या मारत जातो आणि सेकंदाला 100 मीटरच्या वर पोचू शकतो. वेष्टण नसलेले बारीक तंतू सेकंदाला मीटर-दीड मीटर रखडतात. मंडपाच्या अँगलला अंगठा आपटला की आधी "टच्च" कळतं, आणि खरी कळ क्षणभराने येते. मधल्या त्या क्षणात आपल्याला माहीत असतं, आता येणार आहे. लहानपणी तू त्याच क्षणात डोळे मिटून उभी राहायचीस.

आता तो मुद्दा, ज्यासाठी कागद घेतला. एक पेशी संपते आणि दुसरी सुरू होते, तिथे त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. यावर दोन शास्त्रज्ञांचा वाद होता. गोल्जी म्हणायचा सगळं एकसंध जाळं आहे, काहाल म्हणायचा प्रत्येक पेशी सुटी आहे. दोघांना 1906 चं नोबेल एकत्र दिलं, तरी गोल्जीने आपल्या नोबेल भाषणात काहालचं म्हणणंच खोडून काढायचा प्रयत्न केला. खरा ठरला काहाल. मेंदूतल्या सिनॅप्समधली, म्हणजे दोन पेशींच्या या जोडावरची फट साधारण 20 नॅनोमीटरची, म्हणजे एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातला एक. एवढीशीच, पण बहुतेक ठिकाणी आवेग ती ओलांडू शकत नाही. तो टोकाला पोचला की कॅल्शियम आत येतं, त्यामुळे रसायनाच्या पिशव्या पडद्याला चिकटून फुटतात, रसायन फटीत सांडतं आणि पलीकडच्या ग्राहीवर, म्हणजे ते रसायन ओळखणाऱ्या रेणूवर जाऊन बसतं. मग पलीकडची पेशी ठरवते, पेटायचं की नाही. तिला हजारो ठिकाणांहून निरोप येत असतात, काही "चल" म्हणणारे, काही "थांब" म्हणणारे.

हे रसायनाने होतं याचा पुरावा ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला स्वप्नात सुचला. रात्री उठून त्याने चिठ्ठी लिहिली, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. तुझ्या रफ वहीसारखं. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडलं, तेव्हा तो सरळ प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन धडधडती हृदयं घेतली, एकाची व्हेगस नस (हृदयाला मंद करणारी) चेतवून त्याची गती कमी केली आणि त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्यावर घातलं. दुसरंही मंदावलं. मध्ये एकही नस नाही, नुसतं पाणी. हे 1921 सालचं. त्या पाण्यातला पदार्थ म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन.

आणि हेच माझ्या फटीत साचत होतं.

निरोप पोचवला की तो पुसावाही लागतो. नाही तर पुढच्या पेशीला पहिला निरोप कुठला आणि दुसरा कुठला, कळणार कसं? अ‍ॅसिटिलकोलिन पुसायचं काम ज्याचं स्पेलिंग तुला छळतंय त्या अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज या एन्झाइमचं. त्याचा एक रेणू सेकंदाला अ‍ॅसिटिलकोलिनचे हजारो रेणू तोडतो. तुटलेलं कोलिन मागच्या पेशीत परत जातं आणि पुन्हा वापरात येतं, मार्केटला माल खाली करून रिकामे क्रेट परत आणतो तसं. सगळी रसायनं अशी तुटत नाहीत, डोपामिन आणि सेरोटोनिन तर अख्खेच्या अख्खे परत ओढून घेतले जातात. कीटकाचं हे एन्झाइम निकामी करणं हाच त्या औषधाचा धंदा. उडद्याचं आणि माझं एन्झाइम यात त्याला काही फरक वाटत नाही.

एन्झाइम अडकलं, अ‍ॅसिटिलकोलिन साचत गेलं, दारावरची बेल कोणी दाबूनच धरावी तसं. लाळेच्या ग्रंथींना निरोप चालूच, घामाच्या ग्रंथींना चालूच, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायू फडफडून फडफडून थकलेले. श्वासाचे स्नायू थकणं हीच खरी भीती असते. नाशिकला पोचल्यावर डॉक्टरांनी आधी कपडे काढून मला साबणाने धुवायला लावलं. तुझ्या काकाला वाटलं, माणूस मरतोय आणि हे अंघोळ घालतायत. पण अंगावरचं औषध आत जाणं थांबवल्याशिवाय बाकी सगळं वाया. मग अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. ते अ‍ॅसिटिलकोलिन काढून टाकत नाही, ग्रंथी आणि हृदयावरच्या ग्राही अडवून बसतं, म्हणजे बेल वाजली तरी ऐकायला कोणी नाही. हातापायांच्या स्नायूंवरच्या ग्राही वेगळ्या, तिथे त्याचं चालत नाही. तिथल्यासाठी पाम नावाचं दुसरं इंजेक्शन, ते एन्झाइमला चिकटलेलं विष सोडवायचा प्रयत्न करतं, पण वेळेत द्यावं लागतं.

अ‍ॅट्रोपिनने माणूस बडबडतो. दोन दिवस माझे हात खाटेला बांधले होते आणि मी चादरीवरचे घड मोजत होतो. आई सांगते, मी नर्सबाईंना विरळणी नीट करत नाही म्हणून रागावलो होतो. तू काचेपलीकडून बघत होतीस आणि मी तुला ओळखलं नाही. तू त्याबद्दल कधी बोलली नाहीस. ते माझं बोलणं नव्हतं बाळा, औषधाचं होतं. हेही सांगायचं राहून गेलं होतं.

धडा परत वाचशील तेव्हा फटीपासून सुरुवात कर आणि मागे जा. पेशीचे भाग शेवटी वाच, ते आपोआप बसतील.

एक काम आहे. आबा अजून टाकीत औषध हातानेच ढवळतात. काठी दिली तर तिला टोमॅटोची वेल बांधली. माझं ऐकत नाहीत, "तुला झालं ते उन्हाने झालं" म्हणतात. तुझं ऐकतात. रविवारी फोन त्यांच्याकडे देतो, आवाज जरा चढवून बोल. आणि दिवाळीला येताना मेनरोडवरून लांब बाह्यांचे रबरी हातमोजे आण, दोन जोड. आबांचा पंजा मोठा आहे, त्या मापाने घे.

लाईट आली.

तुझे पप्पा