कोंढाणे म्हणजे कोंढाणा नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतली पावसाळी भटकंतीची दोन पानं वाचली. फोटो सुंदर आहे. गेल्या वर्षीही सुंदरच होता, कारण तोच होता. मजकूरही तोच, फक्त वरचं नाव बदललंय.

कर्जतजवळच्या कोंढाणे लेण्यांवर लिहिताना आपल्या लेखकाने तानाजी मालुसऱ्यांना तिथे आणून लढवलं आहे. तानाजी पडले ते कोंढाण्यावर, म्हणजे सिंहगडावर. कोंढाणे कोंदिवडे गावाच्या वर, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याला. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. चैत्यगृहाबाहेर यक्षाचं फुटकं डोकं आहे, त्याच्याजवळ ब्राह्मीत एक ओळ कोरलीय: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. बिचाऱ्याने स्वतःचं नाव, गुरूचं नाव, सगळं दगडात लिहून ठेवलं, तरी आपल्या पुरवणीत श्रेय पांडवांना. तेही ‘एका रात्रीत’.

आणि खालची नदी इंद्रायणी कधीपासून झाली? इंद्रायणी लोणावळ्याकडून पूर्वेला देहू-आळंदीकडे जाते. ही उल्हास, कर्जत-बदलापूर-कल्याण करत वसईच्या खाडीला मिळणारी. आम्ही बदलापूरकर तिचं पाणी पितो. २६ जुलै २००५ ला ती न बोलावता आमच्या तळमजल्यात आली होती, त्यामुळे नाव पाठ आहे.

एवढ्यावर मी पत्र लिहीत बसलो नसतो. बसलो ते ‘लहान मुलांसह सहज जाता येईल अशी दीड तासाची सोपी वाट’ या ओळीमुळे. कोंदिवड्यातून लेण्यांपर्यंतच बऱ्यापैकी तास जातो, रमतगमत गेलात तर जास्तच. पुढे राजमाचीवरच्या उधेवाडी गावापर्यंत उभा चढ, निसरडा, दोन-अडीच तासांचा. दीड तासात मुलाबाळांसह राजमाचीवर पोचलेलं कुटुंब मला एकदा दाखवा, मी त्यांचे पाय धरीन.

गेल्या जुलैत हीच ओळ वाचून नागपूरचा भाचा, त्याची बायको आणि सहा वर्षांची नात आमच्याकडे येऊन थडकले. ‘मामा, पेपरात आलंय, सोपं आहे.’ मी चाळीस वर्षं या डोंगरात हिंडतोय, पण पेपरापुढे माझं कोण ऐकतो? लेण्यांपर्यंत गेलो. वरून धबधबा कोसळत होता, नात खूश, भाच्याने दोनशे फोटो काढले. मी बळंच सगळ्यांना परत फिरवलं. येताना ओढ्याशी आलो तर सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी पोटरीला लागेल असं वाटत होतं. आमच्या डोक्यावर तेव्हा थेंबही नव्हता. भाचा पाय टाकणार तेवढ्यात गुरं घेऊन आलेला एक पोरगा पलीकडून ओरडला, ‘काका, थांबा! पानी लाल झालाय!’ खरंच, कडेने तांबूस फेस येत होता, त्यात सागाची पानं आणि काटक्या. पाच मिनिटांत आम्ही ज्या दगडावर पाय ठेवणार होतो तो दगड दिसेना. पुढचे तीन तास आम्ही करवंदीच्या जाळीशेजारी उकिडवे बसून होतो. नात माझ्या रेनकोटात झोपली. पलीकडून गाडीची शिट्टी ऐकू यायची आणि भाच्याची बायको दर वेळी विचारायची, ‘ही आपली का?’ पाणी उतरल्यावर त्याच पोराने हात धरून एकेकाला काढलं. पैसे द्यायला गेलो तर घेईना.

हे सगळं तेव्हा आपल्याला लिहून कळवलं होतं. आपण ते छापलंतही, त्याबद्दल आभार. फक्त ओढा कापलात, पोरगा कापलात, ‘पाणी लाल झालं की थांबा’ हे कापलंत, आणि शिल्लक राहिलं ते ‘वरून धबधबा कोसळत होता, नात खूश’. मथळा दिलात: ‘सहकुटुंब पाऊसमजा!’ सोसायटीतल्या तिघांनी माझं अभिनंदन केलं आणि तिथे जायचं कसं ते विचारलं.

माझी मागणी मोठी नाही. जो त्या वाटेने जुलैत चालून आलाय, त्याच्याकडून चार ओळी लिहून घ्या. कर्जत स्टेशनवरच्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारलंत तरी तो तुमच्या लेखकापेक्षा बरं सांगेल. ज्यांना राजमाची मुलांना दाखवायचीच आहे त्यांनी पाऊस ओसरल्यावर लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे जावं. पंधरा-सोळा किलोमीटरची तंगडतोड आहे खरी, पण कच्चा रस्ता थेट उधेवाडीत जातो आणि तो उभा चढ लागत नाही. एवढं एका चौकटीत मावतं. त्याच पानावर रेनकोटच्या जाहिरातीला अर्धं पान मिळालंच आहे.

पत्र छापायचं तर पूर्ण छापा. जागा नसेल तर धबधबा काढा, ओढा ठेवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, बदलापूर (पूर्व)

ता. क. पुरवणीतल्या शब्दकोड्याखाली ‘उत्तर उद्याच्या अंकात’ असं असतं. आज सोमवार आहे, अंक समोर आहे, उत्तर नाही. उभा १४ मला अजून सुटलेला नाही.